काळ्या पडद्यावरची खूण

रिफायनरी दूर किनाऱ्यावर होती आणि मी पुण्यात, खराडीच्या ऑफिसात. तिथल्या एका उंच टॉवरमध्ये तेल तापवून डिझेल वेगळं काढतात. ते अधिक स्वच्छ निघावं म्हणून आतले जुने ट्रे, म्हणजे एकावर एक बसवलेल्या भोकांच्या चकत्या, बदलायचं डिझाइन आमचं होतं. प्रत्येक ट्रेला माणूस जाईल एवढं, क्लॅम्पनं घट्ट बसवायचं झाकण असतं. शेवटचा फिटर वरून खाली उतरत, डोक्यावरची झाकणं एकेक बंद करत येतो. आमचा फिटर पुण्याजवळच्या मांजरी गावचा, माझ्याहून वयानं मोठा. त्याच्या हेल्मेटला कॅमेरा आणि माइक. मी इथे बघून यादीत खूण करायची, मगच त्यानं पुढे उतरायचं.

टॉवर सुरू झाला आणि डिझेल काळपट येऊ लागलं. उघडून पाहिलं तर मधल्या एका ट्रेचं झाकण उखडून बाजूला पडलेलं. न विचारता पुढे गेला, असं म्हणून फिटरला कामावरून काढलं. माझ्या यादीत त्या ट्रेपुढे खूण होती. मी गप्प बसलो.

परवा रविवारी दुपारी बिबवेवाडीच्या घरी मी त्याच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. त्या ट्रेपाशी चित्र दिसेनासं झालं. काळा पडदा. नुसता श्वास, आणि लोखंडात घुमत राहिलेला ठोका.

"साहेब, दोन क्लॅम्प कमी हायेत. थांबू का?"

त्यावर एक शांत आवाज म्हणाला, "ठीक आहे. पुढचा."

तो आवाज माझा होता. पडदा काळाच होता. त्या वेळी मी दुसऱ्याच कामाचा मेल लिहीत होतो. ते बोलल्याचं मला आजही आठवत नाही.

आतून बायकोनं विचारलं, "अहो, कोण बोलतंय? विहिरीतून बोलल्यासारखं?"

मी पुन्हा पुन्हा ऐकलं. दर वेळी तो विचारी, दर वेळी मी लगेच उत्तर देई.

तसाच मांजरीला गेलो. त्याच्या ओट्यावर बसून फोन त्याच्या कानाशी धरला. ऐकताना त्याचा श्वास रेकॉर्डिंगमधल्या श्वासाबरोबर चालू लागला.

"म्हंजे मी इचारलं व्हतं," तो म्हणाला. "सगळे म्हनले, न्हाई इचारलंस. मलाबी तसंच वाटाया लागलं व्हतं."

मी त्याच्यासमोर ते रेकॉर्डिंग आमच्या वरिष्ठांना पाठवलं. खाली लिहिलं, हा दुसरा आवाज माझा आहे.

त्यानं फोन माझ्या हातातून घेतला, तो परत दिला नाही.

"पुन्हा लावा, साहेब. घरातल्यांना बोलावतो."