बिबिजानच्या गिनी आणि लंकाबाई

निमगाव साव्याच्या बाहेर, ओढ्याच्या अलीकडे बिबिजान आणि पीरमहंमद राहतात. पीरमहंमदचं बेल्ह्याच्या पेठेत मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटर कुणी आणून टाकली की हा आत नवी तार भरून देतो. सकाळी फटफटीवर गेलेला माणूस दिवेलागणीला परत येतो. मुलगी बुशरा मंचरला दिलेली. त्यामुळे दिवसभर घरात बिबिजान, तिचा दुखरा गुडघा, दारची म्हैस आणि तिच्या गावठी कोंबड्या, एवढंच.

चार वर्षांपूर्वी कडब्याच्या गंजीत घोणस निघाली. बुशराला फोनवर हे कळलं आणि पुढच्या खेपेला तिनं खोक्यातून बारा पिल्लं आणली. डिंभ्याकडे तिच्या सासरच्या ओळखीचं कुणी पाळत होतं. "अम्मी, ह्या गिनी कोंबड्या. साप दिसला की गाव गोळा करतात. गोचीड, किडे सगळं वेचून खातात. ह्यांना काही करावं लागत नाही."

काही करावं लागत नाही, हे त्यातलं सगळ्यात खोटं निघालं.

पहिल्या आठवड्यात पाच पिल्लं गेली. दोन पाण्याच्या ताटलीत बुडून मेली. ताटलीत पाणी ते किती, दोन बोटं! तीन पिल्लं बिबिजाननं गावठीच्या पिल्लांसारखी सकाळीच बाहेर सोडली. गवतावर दव होतं. पोटं भिजली, दुपारी माना टाकल्या. बिबिजान ओट्यावर ती तीन पिल्लं पदरात घेऊन बसली होती, तेव्हा ओढ्यापलीकडची लंकाबाई आली.

लंकाबाई एकटीच. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. रोजानं कांदा लावायला, काढायला जायची. पण तिचं खरं काम बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायचं. हात असा की रडणारं पोर तिच्या पायांवर आलं की गप्प व्हायचं. बिबिजानच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दीड महिना हिनंच तिचं सगळं केलं होतं.

तिनं पिल्लांकडे पाहिलं आणि आधी ताटलीत ओढ्यातले गोटे आणून टाकले. "आता चोच बुडंल, पिल्लू न्हाई बुडणार. आन भाभी, दव वाळल्याबिगर सोडायची न्हाईत. ही काय आपल्या कोंबडीची जात न्हाय."

मग खुडूक बसलेल्या एका गावठी कोंबडीखाली तिनं उरलेली सात पिल्लं सरकवली. कोंबडीनं ती आपली मानली. ती सातही जगली.

तेव्हापासून गिनी बिबिजानच्या आणि चाकरी लंकाबाईची, असं होऊन गेलं. मोठी झाल्यावर ती पाखरं खुराड्यात राहायला तयार नव्हती. संध्याकाळ झाली की लिंबावर जाऊन बसायची, आणि आमच्या भागात बिबट्या नाही तर रानमांजर, कोणीतरी येणारच. लंकाबाईनं त्यांना दीड महिना खुराड्यात कोंडलं. मग रोज एकच पाखरू बाहेर सोडायची. बाकीची आत, म्हणून तेही लांब जायचं नाही. दिवस कलला की बाजरीचा डबा वाजवायची आणि एका विशिष्ट आवाजात "त्तीऽऽ त्तीऽऽ" करायची. हळूहळू सगळा थवा त्या डब्यामागं चालू लागला. नर कोणता, मादी कोणती, हे बघून कळत नाही, दोघं सारखीच ठिपक्यांची. लंकाबाई आवाजावरून सांगायची. "मादी म्हनती, बघ-की, बघ-की. नराला एकच शब्द येतो."

दुसऱ्या वर्षी बुशरानं आणखी पिल्लं आणली आणि थवा चौदाचा झाला. होळीनंतर अंडी सुरू झाली. लहानशी, पिवळसर, एका टोकाला निमुळती. कवच असं टणक की फोडायला चमच्याची पाठ मारावी लागायची. रोज सात-आठ अंडी खुराड्यातच मिळायची, कारण लंकाबाई त्यांना दुपारपर्यंत सोडतच नव्हती. "अंडं घालून झाल्यावर बाहेर. आधी सोडली तर रानात कुठंबी घालतील आन दडवतील."

पण कोंडलेल्या गिनी सकाळभर ओरडायच्या. पत्र्याखाली तो आवाज घुमायचा. चैत्रात बिबिजानचं डोकं दुखायला लागलं. एक दिवस ती म्हणाली, "लंका, सकाळीच सोडत जा बाई. मला न्हाई सोसत."

"अंडी जातील, भाभी."

"जाऊ दे. सवय झाली आता त्यांना, येत्यात आत."

लंकाबाईनं ऐकलं. सकाळी सातला दार उघडायला लागली.

आठवड्यात अंडी चारवर आली, मग दोनवर, आणि एक दिवस काहीच नाही. बिबिजाननं खुराडं चाचपलं, गवत उलटंपालटं केलं. आपणच सकाळी सोडायला सांगितलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण ते ध्यानात यायच्या आधी दुसरंच आलं. खुराडं सकाळी उघडतं कोण? आत पहिला हात घालतं कोण? आणि त्याच दिवशी तिनं लंकाबाईला ओढ्याकडे जाताना पाहिलं. लुगड्याचा ओचा भरलेला, वरून हात धरलेला.

तिनं हाक मारली नाही. विचारलंही नाही. दोन दिवस ती मनात कुढत बसली आणि तिसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत गेली. पाच-सहा बाया दळणाला बसलेल्या. कुणीतरी सहज विचारलं, "काय भाभी, गिनीची अंडी देता का आमाला?"

गिरणी चालू होती, म्हणून बिबिजानला जोरात बोलावं लागलं. "आमालाच मिळंनात, तुमाला कुठली देऊ? सकाळी खुराडं उघडणारीलाच इचारा. अंड्याला काय पाय फुटत्यात का?"

नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी लंकाबाई नेहमीच्या वेळेला आली. खुराडं उघडलं, झाडलं, पाणी भरलं. मग बाजरीचा डबा ओट्यावर आणून ठेवला. "भाभी, आंडी मी न्हाई घेतली," एवढंच म्हणाली आणि ओढा ओलांडून गेली. बिबिजाननं "थांब" म्हणायला तोंड उघडलं होतं. मग डबा उचलून ती आत गेली.

गावात अशी गोष्ट बसून राहत नाही. पिंपरी पेंढारच्या एका घरी लंकाबाईचं न्हाऊ घालायचं काम ठरलेलं होतं. त्यांनी निरोप धाडला, आमची आत्याच येणार आहे, तुम्ही येऊ नका. आत्या कुठली! दुसरीच बाई जाऊ लागली. न्हाऊ घालणाऱ्या बाईला घरात कुठंही मुभा असते, तिच्यासमोर बाळंतिणीचे दागिने काढून ठेवलेले असतात. जिच्याबद्दल अंड्याचा संशय, तिला कोण आत घेणार? बिबिजानला हे दूधवाल्याकडून कळलं. तिला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याला तिनं लगेच झाकण घातलं. आपण काय खोटं बोललो?

पंधरा-वीस दिवसांनी ती म्हशीसाठी विळा घेऊन हत्तीघासात शिरली. विहिरीच्या बाजूचा कोपरा बरेच दिवस कापला नव्हता. तिसऱ्या पेंढीला तिच्या पायाशी काहीतरी फडफडलं आणि एक गिनी ओरडत पळाली. बिबिजाननं विळ्यानं गवत बाजूला केलं.

जमिनीत परातीएवढा खळगा, आणि तो अंड्यांनी भरलेला. एकावर एक. तिनं मोजली नाहीत. शंभरभर तरी असतील. सगळ्या माद्या एकाच जागी घालत होत्या. वरची ताजी, खालची मातीनं मळलेली.

ती तशीच गवतात खाली बसली. गुडघा दुखत होता तरी बसली. सूर्य पुष्कळ वर आला. तिला लंकाबाईचं वाक्य आठवलं, कुठंबी घालतील आन दडवतील. तिनं तर सांगितलं होतं. सोडायला लावलं कोणी? त्या दिवशी तिच्या ओच्यात काय होतं कोण जाणे; अंडी तर नव्हतीच.

त्याच क्षणी उठून ओढ्यापलीकडे गेली असती, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण बिबिजाननं आजूबाजूला पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. तिनं अंडी पाटीत भरली, वर गवत टाकलं, आणि उकिरड्याच्या कडेला खड्डा करून सगळी पुरली. ताजीसुद्धा. एकही घरात नेली नाही. पुरताना काही फुटली, त्यांचा वास हाताला दोन दिवस राहिला.

उद्या सांगू, असं ती रोज म्हणायची. मग म्हणायची, शुक्रवारी सांगू. नमाजाला बसली की तोंडानं म्हणत असायची एक आणि डोळ्यांसमोर यायचा तो खळगा. लंकाबाई ओढ्यावर धुणं धुताना दिसली की बिबिजान दार लोटून घ्यायची. पूर्वी दार लोटायची ती रागानं. आता कशानं, ते तिचं तिलाच माहीत.

गिनी मात्र लंकाबाईवाचून बिघडल्या. बिबिजान डबा वाजवायची, "त्तीऽऽ" करायची; पाखरं मान वर करून बघायची आणि लिंबावर जायची. शेजारच्या कांद्याच्या रोपात जाऊन धुळीत लोळायची. रोपवाला रामनाथ दोनदा भांडून गेला. एक मादी कुठंतरी गवतात अंड्यांवर बसली आणि सकाळी तिची नुसती पिसं मिळाली. दुसरीनं पिल्लं काढली आणि ती भिजल्या गवतातून त्यांना घेऊन फिरली. अकरातलं एकही तीन दिवस टिकलं नाही. लिंबावरची पाच रानमांजरानं नेली. चौदातली आठ पाखरं उरली. त्या मरणाचं बिबिजानला दुःख झालं, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. काहीतरी आपल्याकडूनही जातंय, असं.

महिना होत आला. एका रविवारी पीरमहंमदनं उकिरडा उकरायला घेतला आणि फावड्याला अंडी लागली. वासानं तो मागं सरला. मग वाकून पाहिलं. हाक न मारता तो ओट्यावर आला, हात धुतले.

"बिबी, एवढी अंडी पुरली कुणी?"

बिबिजाननं सगळं सांगितलं. गवतापासून खड्ड्यापर्यंत. सांगताना रडली नाही. सांगून झाल्यावर रडली.

पीरमहंमद कमी बोलणारा माणूस. बराच वेळ तो टॉवेलनं हात पुसत राहिला. "मला सांगून काय उपयोग? गिरणीत बोललीस ना? मग गिरणीत सांग. आणि आधी तिला सांग."

बिबिजान आधी गिरणीत गेली. तिथं तेवढं कठीण नव्हतं, म्हणून. मोटर बंद व्हायची वाट पाहिली आणि म्हणाली, "अंडी हत्तीघासात घावली. लंकाबाईनं घेतली नव्हती. मी खोटं बोलले." मग एक म्हणाली, "जाऊ द्या भाभी, व्हतं असं." दुसरी हसली. "पाखराची जात ती!" सगळ्यांनी तिला इतक्या सहज माफ केलं की बिबिजानला पीठ घेऊन उठता येईना. माफ करणाऱ्या ह्या कोण?

तिथून ती लंकाबाईकडे गेली. लंकाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिनं पाट पुढं सरकवला. बिबिजान बसली नाही. उभ्यानंच बोलली.

लंकाबाईचे हात चालूच होते. "मला ठाव व्हतं कुठं घालत असतील. पयल्याच दिवशी हुडकून दिली असती. पर तुमी मला इचारलंच न्हाई, भाभी. तुमी लोकान्ला सांगितलं."

"चुकलं माझं."

"कवा घावली?"

बिबिजानच्या तोंडाशी 'काल' हा शब्द आला होता. कोणाला कळणार होतं? तिनं तो गिळला. "महिना झाला."

लंकाबाईचे हात थांबले. तिनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"माणूस चुकतं, भाभी. ते मी कवाच सोडून दिलं व्हतं. पर महिना? पेंढारचं न्हाऊ घालनं तवा चालूच व्हतं. तुमी त्या दिशी आला असता तर काम माघारी मिळालं असतं."

लंकाबाईनं शेंगा पुन्हा पुढं ओढल्या आणि ती म्हणाली, "जावा आता. ऊन झालंय, उभं ऱ्हाऊन गुडघा धरंल."

त्या पावसाळ्यात बिबिजानच्या भाचीला, शिफाला, जुन्नरला मुलगी झाली. बिबिजाननं फोन करून सांगितलं, न्हाऊ घालायला लंकाबाईलाच बोलवा, तिच्यासारखा हात नाही. आणि ती का रिकामी आहे, तेही सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन. लंकाबाईला निरोप गेला तेव्हा ती म्हणाली, "भाभीच्या शब्दावर नको. त्यान्ला गरज आसंल तर त्यांनी यावं." शिफाचा नवरा मुआज स्वतः गाडी घेऊन आला, अंगणात बसून चहा प्याला, तेव्हा ती गेली. सव्वा महिना राहिली. मग तिथल्या आणखी दोन घरांनी बोलावलं. हल्ली तिचं बरंचसं काम जुन्नरमध्येच असतं.

गिनी आता सहाच आहेत. बिबिजान त्यांना दुपारपर्यंत कोंडते, डोकं दुखलं तरी. एखादी चुकून बाहेर घालायला लागली तर लांबून नजर ठेवते. घरटं सापडलं की अंडी हातानं उचलत नाही. लांब दांड्याच्या पळीनं काढते आणि चार-पाच तशीच ठेवते. हाताचा वास लागला किंवा खळगा रिकामा केला तर मादी जागा बदलते. हे तिला परवा लंकाबाईनं सांगितलं. रस्त्यात भेटली होती, गाडीची वाट बघत.

दोघी बोलतात. लंकाबाई येता-जाता ओट्यावर टेकते, चहा घेते, पाखरांकडे बघून कुठलं आजारी आहे ते सांगते. पण घरात येत नाही. "आत ये की," म्हटलं तर म्हणते, "हितंच बरं हाय, वारं लागतंय." बिबिजान दुसऱ्यांदा म्हणत नाही. कप आतून आणून ओट्यावर ठेवते आणि स्वतःही तिथंच, उंबऱ्याच्या बाहेर बसते.