सध्या कुठे?

पंचेचाळिशीत मी समाजशास्त्राच्या वर्गात पाऊल ठेवलं, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने मला प्राध्यापक समजून वही मिटली. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातली माझी नोकरी, गाड्यांच्या सॉफ्टवेअरची, गेली होती. घर बायकोच्या पगारावर चालत होतं आणि मला घरात बसवत नव्हतं. म्हणून कम्युनिटी कॉलेजात मानसशास्त्र आणि समाजशास्त्र घेतलं, आधी वेळ घालवायला, मग चक्क आवडलं म्हणून.

ओळखीत कुणालाच हे सांगितलं नव्हतं. बायको मागे लागली होती, "एकदा क्लिअर करून टाक ना. कुणी विचारलं की मलाच कव्हर करावं लागतं." मी म्हणायचो, दुसरी नोकरी लागू दे, मग सांगू.

मग समाजशास्त्राच्या बाईंनी असाइनमेंट दिलं. आपल्या माणसांमधला एखादा अलिखित नियम मोडायचा आणि लोक कसे वागतात ते लिहून आणायचं. वर्गातली पोरं लिफ्टमध्ये दाराकडे पाठ करून उभी राहणार होती. मला माझा नियम तिथेच सुचला. इथे दोन मराठी पुरुष भेटले की नावाच्या आधी "सध्या कुठे?" विचारतात, आणि उत्तरात कंपनीच सांगायची असते.

शनिवारी एका मित्राकडे पॉटलक होतं, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. मी पावभाजीची प्लेट घेतो न घेतो तोच एका निवृत्त डॉक्टरकाकांनी विचारलं, "काय रे, सध्या कुठे?"

"कुठेच नाही, काका. जॉब गेला. कॉलेजात सोशिऑलॉजी शिकतोय."

आजूबाजूच्या गप्पा थांबल्या. काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मार्केटच डाऊन आहे." एक जण म्हणाला, "रेझ्युमे फॉरवर्ड कर यार." दुसरा मठ्ठा आणतो म्हणून गेला तो परत आलाच नाही. काय शिकतोस, हे मात्र एकानेही विचारलं नाही. एरवी माझं डोकं फिरलं असतं. पण मी मनातल्या मनात सगळं टिपून घेत होतो आणि जाम खूश होतो.

परतताना गाडीत मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं, असाइनमेंटसकट. "ए ग्रेड पक्की," म्हणालो.

"मी इतके महिने सांगत होते, तेव्हा तुला जमलं नाही," ती म्हणाली. "प्रोफेसरने सांगितलं तर लगेच."

ती म्हणत होती ते खरं होतं. कुणी वेड्यात काढलं असतं तर 'अभ्यास होता' म्हणून हात झटकायची सोय होती, म्हणूनच माझं तोंड उघडलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

घरासमोर गाडी थांबली तरी ती उतरली नाही.

"उद्या माझ्या बाबांना फोन कर," ती म्हणाली. "त्यांना अजून वाटतंय तू ऑफिसला जातोस. त्याचे मार्क मिळणार नाहीत."