दोन कौतुकं आणि एक सुधारणा

ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण केली तेव्हा माझ्या बायकोच्या आत्या तिथे हजर असत्या, तर सगळ्यात मागे, सगळ्यात लहान खुर्चीवर बसून त्यांनी वहीत टिपणं काढली असती आणि काम आटोपल्यावर त्याला सांगितलं असतं की डोंगर सुरेख झालेत, समुद्राची खोलीही वाखाणण्यासारखी आहे. पुढच्या वेळी फक्त डासांचा फेरविचार व्हावा. ब्रह्मदेवानेही चारही तोंडांनी 'हो, बघतो' म्हटलं असतं. मी अतिशयोक्ती करतोय असं ज्यांना वाटतं, त्यांनी आत्यांसमोर एकदा श्रीखंड वाढून बघावं.

आत्यांचं कामच तसं आहे. ब्रिटिश फौजेतली माणसं परदेशातल्या तळांवर जातात तेव्हा त्यांचं बिऱ्हाडही बरोबर जातं, आणि बिऱ्हाडात पोरं आली की शाळा आलीच. अशा शाळा सायप्रसला आहेत, जर्मनीत आहेत, अजून कुठे कुठे आहेत. तिथे शिकवतात ते धड शिकवतात की नुसता वेळ काढतात, हे बघायला लंडनहून ज्या बाई जातात त्या ह्या. मूळच्या नागपूरच्या. त्यांच्या यजमानांना, म्हणजे आमच्या काकांना, इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून लग्नानंतर लंडनमधल्या ईलिंगला आल्या, शाळेत शिकवायला लागल्या आणि पायरी पायरीने ह्या कामावर पोचल्या. काका जाऊन काही वर्षं झाली, मूलबाळ नाही, त्यामुळे आता सगळा जीव कामात. नागपूरला माझ्या सासूबाई अजून सगळ्यांना 'आमच्या वन्सं मिलिटरीत आहेत' असंच सांगतात आणि तिकडच्या अर्ध्या नातेवाइकांची समजूत आहे की आत्या रणगाडा चालवतात. मला विचाराल तर रणगाडा परवडला, तो निदान येताना ऐकू येतो.

इथल्या प्राथमिक शाळांत एक पद्धत आहे. मुलाने काही लिहिलं की बाई त्याखाली दोन चांदण्या आणि एक इच्छा लिहितात, म्हणजे जमलेल्या दोन गोष्टी आणि सुधारायची एक. पद्धत सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. आत्यांनी ती वयाची अट काढून टाकली. गणपतीत पूजा सांगणाऱ्या गुरुजींना त्यांनी दक्षिणेबरोबर सांगितलं की उच्चार स्वच्छ आहेत, वेळेचं भान चांगलं आहे, आवाज मात्र मागच्या रांगेपर्यंत पोचावा. मागच्या रांगेत त्या एकट्याच होत्या, लहान मुलांच्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन. दिवाळीला माझी आई पुण्याहून आली होती, तर तिच्या चकलीला 'काटा छान, खुसखुशीतपणा शेवटपर्यंत टिकला, तेल निथळायला जरा वेळ द्यावा' असा शेरा मिळाला. जन्मभर चकल्या केलेल्या बाईला हे ऐकवायचं म्हणजे काय! आईच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस ती आत्यांचं नाव निघालं की भांडी आपटत होती. तिसऱ्या दिवशी पुढचा घाणा काढताना ती ताटात किचन पेपर दुहेरी अंथरताना दिसली, आणि मी बघतोय म्हटल्यावर तिने तो घाईघाईने चुरगळला.

दुसरी सवय पुराव्याची. मी 'ट्रेन रखडली म्हणून उशीर झाला' म्हटलं की आत्या विचारणार, 'पुरावा?' बायकोने 'ह्यांनी घर आवरलं' असं माझ्या बाजूने एखादं वाक्य टाकलं तरी 'पुरावा?' बरं, मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारा माणूस. खरं म्हणजे आमचं मेतकूट जमायला हवं होतं. पण दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याच्या चुका कोणी काढलेल्या त्याला चालत नाहीत, हे मला आत्यांमुळे कळलं.

आणि भडंगाचा डबा. ज्या शाळेची तपासणी करायची तिचं पाण्यापलीकडे काही घ्यायचं नाही, हा आत्यांचा स्वतःचा नियम. उद्या त्यांचं जेवण आवडलं तर त्यांचं गणितही आवडायला लागतं, असं त्या म्हणतात. म्हणून प्रत्येक दौऱ्यावर बॅगेत स्टीलचा डबा, त्यात भडंग, आणि दुपारी शाळेच्या मागे एखादा बाक बघून त्यावर बसून खाणं. एकदा एका बेटावरच्या तळाच्या फाटकावर त्यांची बॅग तपासायला वास घेणारा कुत्रा आणला. कुत्र्याने डबा हुंगला आणि थेट बॅगेसमोर बैठक मारली. असा कुत्रा खाली बसला म्हणजे काहीतरी भयंकर सापडलं, असा त्या लोकांत संकेत. बॅग बाजूला, आत्या बाजूला, दोन बंदूकधारी मध्ये. शेवटी कुत्र्याच्या जवानाने हातमोजे घालून डबा उघडला, तर आत हिंग घातलेले चुरमुरे. दुसरी बाई रडली असती. आत्यांनी वही काढली आणि त्याला सांगितलं की कुत्रं एकाग्र आहे, तुमचा त्याच्यावरचा ताबाही उत्तम आहे, फक्त त्याच्या अभ्यासक्रमात मसाल्यांचा समावेश व्हावा. हा किस्सा त्या स्वतःच सांगतात आणि आम्ही दर वेळी पोट धरून हसतो.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडायची. फौजेतल्या माणसांच्या बदल्या होतात, दर थोड्या दिवसांनी वर्गातली पोरं बदलतात, कोणी जातं, कोणी येतं. त्यामुळे आत्या शाळेत पाऊल टाकलं की तक्ते, निकाल, फाइली काही बघायच्या आधी हेडमास्तरांना एकच विचारतात, 'सगळ्यात नवीन आलेलं मूल डबा कुणाबरोबर खातं?' हा प्रश्न त्यांच्या कुठल्याही छापील फॉर्मवर नाही. जे हेडमास्तर लगेच नाव सांगतात, त्यांची शाळा चांगली असते. जे 'बघून सांगतो' म्हणतात, त्यांच्याकडे आत्यांचा मुक्काम एक दिवस वाढतो.

तर मागच्या उन्हाळ्यात माझीच बदली लंडनहून मँचेस्टरला झाली. आत्यांनी ती फौजी बदलीसारखीच हातात घेतली. खोक्यांवर नंबर घालून दिले, नवीन घराचा आग लागल्यावर बाहेर पडायचा रस्ता आखून दिला, आणि आमच्या इरासाठी, म्हणजे आठ वर्षांच्या आमच्या लेकीसाठी, शाळांचे सगळे तपासणी-अहवाल वाचून त्यातली एक शाळा निवडून दिली. कागदावर शाळा उत्तम आहे, असं त्यांनी फोनवर जाहीर केलं तेव्हा मी निर्धास्त झालो. एवढी मोठी तपासणीस बाई घरची असल्यावर आपण कशाला डोकं चालवायचं?

सप्टेंबर बरा गेला. ऑक्टोबरात इराचा डबा भरलेला परत यायला लागला. भूक नव्हती म्हणायची. बायकोने पोळीभाजीच्या जागी पास्ता दिला, तो परत. सँडविच दिलं, ते परत. तिखटमिठाच्या पुऱ्या ह्या पोरीने झोपेतसुद्धा खाल्ल्या असत्या, त्याही जशाच्या तशा परत आल्या. मग रविवारी संध्याकाळपासून पोटात दुखायला लागलं, आणि एका सोमवारी ती दारातच बूट घालून बसून राहिली, उठेचना. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं. मी आत्यांना फोन केला तो खरं तर शाळा बदलायची का, हे विचारायला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जावईबापू, ती खाते कुणाबरोबर?"

मला माहीत नव्हतं. बायकोला माहीत नव्हतं. आम्ही डब्यात काय द्यायचं ह्यावर महिनाभर डोकं खाजवलं आणि हे विचारलंच नाही. "तुम्ही काय, मीच कुठे विचारलं?" आत्या म्हणाल्या. "जगभर विचारत हिंडते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा." आत्यांचा आवाज असा बसलेला मी पूर्वी ऐकला नव्हता. त्या संध्याकाळी बायकोने इराला जवळ घेऊन विचारलं, तेव्हा कळलं की डबा खायच्या वेळी ती कोट टांगायच्या खुंट्यांपाशी जाऊन उभी राहते. सोबतीला शाळेने वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी दिली होती, बॅज लावून. त्या मुलीने पहिला आठवडा इमानेइतबारे कर्तव्य केलं आणि मग आपल्या मैत्रिणींत निघून गेली. तिचं तरी काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या लंडनहून ट्रेनने आल्या. सायप्रसचा दौरा त्यांनी आठवडाभर पुढे ढकलला होता, जे काकांच्या आजारपणानंतर पहिल्यांदाच घडत होतं. स्टेशनवरून ट्रामने आम्ही दोघं थेट शाळेत गेलो. आत्यांना डबे खायचा हॉल बघायचा होता. रिसेप्शनवरच्या बाईंनी गोड हसून सांगितलं की अपॉइंटमेंटशिवाय कोणालाही आत सोडता येणार नाही, आणि मुलं जेवत असताना तर नाहीच. मी तापलो. ह्या बाई कोण आहेत तुम्हाला कल्पना आहे का, इथपर्यंत माझी मजल गेली. आत्या मात्र खुलल्या होत्या. त्यांनी रिसेप्शनिस्टला सांगितलं की तुमचा स्वर नम्र आहे, नियम पक्का आहे, आणि ह्या गृहस्थांच्या दबावाला तुम्ही बळी पडला नाहीत हे विशेष. कौतुकंच तीन झाली, सुधारणा माझ्या वाट्याला आली. बाहेर येऊन आम्ही कुंपणाच्या जाळीतून हॉलच्या खिडक्या दिसतात का ते बघायला लागलो, तर दोन मिनिटांत पिवळं जॅकेट घातलेला एक माणूस आला आणि त्याने आम्हाला तिथून हाकललं. त्याचंही कौतुक झालं. ज्या नियमांसाठी आत्यांनी जन्मभर शाळांच्या मागे लकडा लावला, त्याच नियमांनी त्यांना फुटपाथवर आणून उभं केलं होतं, आणि त्यांचा चेहरा असा की जणू पोटचं पोर पहिलं आलंय.

मग ट्रामच्या थांब्यावर बसून त्यांनी वहीचा कागद फाडला आणि हेडबाईंना चिठ्ठी लिहिली. दोन कौतुकं होतीच. खाली एकच सुधारणा: नवीन मुलाला सोबत म्हणून वर्गातलं हुशार मूल देऊ नये, त्याच्या आधी जे नवीन आलं असेल ते द्यावं, खुंटीपाशी कसं वाटतं ते त्यालाच ठाऊक असतं. सगळ्या तळांवर हिंडून मी एवढंच शिकले आहे, असंही खाली होतं. चिठ्ठी द्यायला परत मलाच पाठवलं. रिसेप्शनिस्टने ती घेतली, माझ्याकडे न बघता.

बुधवारी डबा भरलेला आला. गुरुवारी भरलेला आला. आत्या आमच्याकडेच राहिल्या होत्या आणि रोज साडेतीनला दारात उभ्या राहून डबा हातात घेऊन नुसत्या वजनावरून ओळखायच्या. मी मनातल्या मनात दुसऱ्या शाळांची यादी करायला लागलो होतो. शुक्रवारी त्यांनी डबा घेतला, हलवला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. रिकामा होता. टोमी नावाची एक मुलगी उन्हाळ्याआधी लागोसहून आली होती, तिला इराच्या शेजारी बसवलं होतं. "टोमीला पुरी फार आवडला," इराने तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत सांगितलं, "उद्या जास्त दे." उद्या शनिवार होता हे कोणी तिला सांगितलं नाही. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. मीही जरा बाल्कनीत जाऊन आलो.

शनिवारी दुपारी सगळे जेवायला बसलो तेव्हा आत्यांनी रीतसर वही उघडली. टोमी काय आणते, कुठे बसता, आधी कोण उठतं, सगळं विचारून घेतलं. इराने सगळी उत्तरं दिली आणि मग, वही तिच्यासमोर होती म्हणून असेल, तिनेही विचारलं.

"आणि आत्याआजी, तू कोणाबरोबर खाते?"

"मी? मी कामावर असते बाळा."

"हो, पण कोणाबरोबर?"

आत्यांनी पेन उचललं, थोडा वेळ कागदावर टेकवून ठेवलं आणि काही न लिहिता वही मिटली. मग आमटी छान झाली आहे म्हणाल्या. नुसतं छान. दुसरं कौतुक नाही, सुधारणा नाही. मला फार वाईट वाटलं. शाळेमागच्या बाकावरच्या त्या भडंगावर आम्ही इतकी वर्षं हसत आलो होतो. ईलिंगला दहा मिनिटांच्या अंतरावर राहात होतो, आणि रविवारी दुपारी त्या पान कुणाबरोबर मांडतात हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्या सायप्रसला गेल्या. बुधवारी भर मीटिंगमध्ये माझा फोन वाजला. फोटो होता. शाळेमागचा बाक, बाकावर स्टीलचा डबा, डब्याच्या एका बाजूला आत्या आणि दुसऱ्या बाजूला एक तरणा जवान, मुठीत भडंग घेऊन. बाकाखाली कुत्रा बसलेला. घेणं नियमाविरुद्ध आहे, देणं नाही, असं त्यांनी नंतर फोनवर स्पष्ट केलं. फोटोखाली एकच शब्द होता: पुरावा.

तो फोटो इराने फ्रिजवर लावलाय. येत्या जुलैत आत्या निवृत्त होतील. त्यांच्या जागी कोणी दुसरी बाई तळांवर जाईल, तक्ते बघेल, फाइली बघेल, सगळे फॉर्म नीट भरेल. तो प्रश्न फॉर्मवर नाही, त्यामुळे ती तो विचारेल की नाही कोण जाणे. आम्ही आत्यांसाठी मँचेस्टरला एक खोली रिकामी केली आहे. खिडकी मोठी आहे, ऊन चांगलं येतं. आत्या ती बघून गेल्या, आणि सुधारणा काय ते अजून कळवलेलं नाही. आम्ही वाट बघतोय.