कंपायलरचं ऐकणाऱ्या बाई

संगणकाच्या भाषेचं नवं मानक मंजूर झालं की आमच्या बाईंच्या अंगात यायचं. रत्नागिरीतल्या आमच्या चार माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या सगळ्यात वडील, साठीला टेकलेल्या. एरवी गुडघे धरून चालणाऱ्या बाई त्या दिवशी जिना चढून सगळ्यांच्या आधी हजर. आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करून देतो तो कंपायलर. त्याला नवे नियम लावायचे ऑप्शन बदलण्याचा मान त्यांचाच.

रीतही त्यांचीच. एका वेळी एकच ऑप्शन बदलायचा. मग कंपायलरने दिलेली प्रत्येक वॉर्निंग एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ऐकायची. मी कंटाळलो की म्हणायच्या, "मेल्या, फुकट सावध करतोय तो तुला. ऐकून घ्यायला काय जातंय?"

एकदा बाई लग्नाला सावर्ड्याला गेल्या असताना मी शहाणपणा केला. बंदरावरच्या मासळीच्या शीतगृहाचा प्रोग्रॅम एकदम नव्या मानकावर नेला, त्यासाठी थोडं लिखाण बदललं आणि वॉर्निंगा दिसूच नयेत असा ऑप्शन टाकून मोकळा झालो. चाचणीला गिऱ्हाइकाने मुद्दाम दार उघडं ठेवलं. गारवा कमी झाला तसा धोक्याचा भोंगा वाजला. पण तापमान शून्याच्या वर गेलं नि तो गप्प! मासळी वितळायच्या वेळीच. मर्यादेचा उणे आकडा मी अशा जागी ठेवला होता, जिथे उणं चालतच नाही. तिथे तो प्रचंड मोठा अधिक आकडा होऊन बसतो; तापमान उणे होतं तोवर तेही तसंच मोठं धरलं जाऊन तुलना जुळली, शून्य ओलांडताच फसली. कंपायलर नेमकं तेच सांगत होता.

आमच्या कंपनीच्या मालकांनी जाब विचारला तेव्हा लग्नाहून परतलेल्या बाई म्हणाल्या, "तपासायचं काम माझं. राहिलं." मी त्यांच्या मागेच उभा राहिलो. बाईंना निवृत्तीनंतर आणखी वर्षभर ठेवून घ्यायचं घाटत होतं, ते बारगळलं. महिनाअखेरीस त्या गुहागरला आपल्या घरी निघून गेल्या.

मला अन्न गोड लागेना. आठव्या दिवशी मालकांना सगळं खरं सांगितलं आणि एसटीने गुहागर गाठलं. बाई पडवीत सुपाऱ्या सोलत होत्या.

"मी सांगितलं त्यांना, बाई. ते तुम्हाला परत बोलावतायत."

"आठ दिवस लागले होय रे तुला? मला वाटलेलं, चार लागतील."

"येणार ना?"

"नाही रे. मी आले तर परत माझ्या मागे लपशील. जा, पाय धू. जेवायला बस."

मी विहिरीवर गेलो आणि तिथेच पोटभर रडून घेतलं.