घागरीतली वीस गावं

समजा, तुमच्यापुढं तांब्याची घागर आहे. आत वीस गावांच्या वीस चिठ्ठ्या. डोळ्यांवर टॉवेल बांधून एकेक काढायची. ज्या गावाची चिठ्ठी आधी, त्याच्या उसाला आधी तोड. तुम्ही लबाडी केली नाही, तरी लोक लबाड म्हणाले, तर काय कराल?

१९७१ साली श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात जुने शिपाई बन्सीमामा यांच्यावर ही वेळ आली. पहिल्या दहा चिठ्ठ्यांत आठ गावं यादीच्या खालच्या अर्ध्यातली निघाली.

“डोळ्याला टॉवेल, पर बोटांना डोळे हायेत मामाच्या!” यादीतल्या वरच्या एका गावातला कानिफनाथ ओरडला.

मामांनी टॉवेलाची घडी केली नि घर गाठलं. दुसऱ्या दिवशी कामावर आले नाहीत.

वजनकाट्यावरचा कारकून कमरुद्दीन मामांच्याच हाताखाली तयार झालेला. त्यानं घरी चिठ्ठ्यांवर एक ते वीस आकडे घातले, रुंद पाटीत खूप कालवून दहा-दहा काढल्या आणि दहाच्या वरचे, म्हणजे यादीतल्या खालच्या गावांचे, आकडे मोजले.

“माझ्या शेंगांच्या पाटीत जुगार मांडलाय व्हय?” त्याची बायको हमिदा म्हणाली.

“जुगार न्हाई. मामांचं इमान मोजतोय.”

शंभर खेपांत असे आठ आकडे एकदाच आले. कमरुद्दीनचं तोंड उतरलं. म्हणजे मामा खोटे?

मग त्याला आठवलं. आपापल्या गावाची चिठ्ठी पडलेली सगळ्यांना दिसावी म्हणून तो स्वतःच यादीतली नावं मोठ्यानं पुकारून एकेक चिठ्ठी आत टाकायचा. यादीतली शेवटची गावं घागरीत वरच राहायची! अरुंद घागर दोनदा हलवली, तरी तळाची चिठ्ठी वर येणार कशी?

कारखान्याच्या सभेत त्यानं तशीच घागर भरली आणि टॉवेल कानिफनाथच्या डोळ्यांवर बांधला. दहा-दहा चिठ्ठ्यांच्या पाच खेपा झाल्या. यादीतली खालची गावं आठ, नऊ, सात, आठ, नऊ.

“कानिफनाथ, तुझ्या बोटांना कवा डोळे फुटले रं?” चेअरमन आप्पासाहेबांनी विचारलं. सभा खदखदून हसली. कानिफनाथ स्वतः सायकल काढून मामांना आणायला गेला.

नवी सोडत पाटीतून निघाली. कोपरापर्यंत बाह्या सारून, मान ताठ ठेवून मामा चिठ्ठ्या कालवत होते. “माझ्या हाताखालचं पोरगं हाय ते,” शेजारच्याला सांगत होते. मग हात थांबवून त्यांनी विचारलं, “कमरू, झालं का? का आनखी कालवू?”

कमरुद्दीन पाटीवर वाकून चिठ्ठ्या निरखू लागला. घागरीचं त्यानं सिद्ध केलं होतं. पण चिठ्ठ्या किती वेळा कालवल्या म्हणजे यादीच्या क्रमाचा मागमूस उरत नाही, हे मोजायचं कसं?