श्वासाचं मशीन बालीला

आम्हा खत-बियाण्यांच्या दुकानदारांत एक वाईट खोड आहे. एकाची फजिती झाली की ती सगळ्या तालुक्याची होते. बालीहून येऊन चार महिने झाले, पण श्रीरामपुरात माझ्या दुकानात युरिया न्यायला आलेला माणूसही आधी मशीनची चौकशी करतो. म्हटलं, लोकांनी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगून मोकळं व्हावं.

टार्गेट पुरं केलं म्हणून खत कंपनीने जिल्ह्यातल्या आम्हा तीस डीलरांना बालीला न्यायचं ठरवलं. माझा झोपेत श्वास अडकतो. त्यासाठी डॉक्टरांनी मशीन दिलंय. नाकावर मास्क, त्याला नळी आणि रात्रभर हवा. बायकोने, सुनंदाने, एका अटीवर जाऊ दिलं. "रोज झोपताना फोन करायचा आणि मला मशीनचा आवाज ऐकवायचा. मशीन यायच्या आधी दोन वर्षं तुमच्या छातीकडे बघत जागले आहे मी. आता परत जागवू नका."

*

माझ्या खोलीत कोण राहणार यावरून भांडणं झाली. माझं घोरणं मागच्या सहलीत सगळ्यांनी ऐकलं होतं. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि पुणतांब्याचे नाना निघाले. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, दुकान आणि शेती दोन्ही बघणारे. चिठ्ठी उलटसुलट करून बघत म्हणाले, "तीस जनांत मीच घावलो व्हय?"

*

मशीन ज्या बॅगेत भरलं ती कंपनीचीच, फुकटातली. तिच्यात मी वर्षभर खताचे नमुने ठेवले होते, हे साफ विसरलो. विमानतळावर तपासणीवाल्याने बॅगेवरून एक पट्टी फिरवली, स्फोटकं शोधणाऱ्या यंत्रात घातली आणि यंत्र कोकलायला लागलं. दोन बंदूकवाले येऊन उभे राहिले. मी डॉक्टरांचं पत्र शोधतोय, तोवर नाना पुढे झाले.

"सायेब, खत लागलंय त्याला. आमा तीस जनांचे हात पुसून बघा, समद्यांचं असंच वाजंल."

त्यांनी खरंच पुसले. अकरा जणांचं वाजलं. विमान कसंबसं मिळालं आणि ते अकरा जण अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

*

मशीनच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर लागतं. बालीत उतरल्यावर ते मी गाइडला समजावत होतो, तेवढ्यात नाना गायब. अर्ध्या तासाने एका गॅरेजमधून बाटली घेऊन आले. तिच्यावर बॅटरीचं चित्र!

मी म्हटलं, "नाना, हे माझ्या नाकात जाणार आहे."

"आपला ट्रॅक्टर धा वर्सं ह्याच्यावर चालतोय. तुला काय धाड भरली?"

त्या रात्री टाकी कोरडीच ठेवली. सकाळी घसा असा बसला की नाश्त्याला चहासुद्धा खुणेने मागावा लागला. नाना सगळ्यांना सांगत होते, "म्या पानी आनलं हुतं, ह्यानं घातलं न्हाई."

*

आमच्या पिना तिथल्या सॉकेटमध्ये बसत नव्हत्या. नगरहून मी एकच अडॅप्टर नेला होता. दुसऱ्या रात्री गुदमरून उठलो, तर मशीन बंद, मास्क नाकावर तसाच आणि अडॅप्टरला नानांचा मोबाईल.

"नाना, हे काय?"

"बारा टक्के ऱ्हायली हुती."

"आणि मी?"

"तू तर झोपला हुतास."

मग माझं डोकं फिरलं. वयाचा मान वगैरे विसरून मी नाही नाही ते बोललो. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "तू मधीच थांबतोस की रे. मला वाटलं, आवाज बंद झाला म्हंजी गाढ लागली."

त्या दिवसापासून त्यांचा मोबाईल खाली रिसेप्शनवर चार्ज व्हायचा.

*

शेवटच्या रात्री वारा-पाऊस सुटला आणि लाईट गेली. हॉटेलवाले म्हणाले, आता सकाळीच येईल. तिकडे रात्रीचे साडेदहा, म्हणजे श्रीरामपुरात आठ. सुनंदाच्या फोनची वेळ झालेली. खरं सांगावं तर ती रात्रभर जागणार, आणि खोटं मला जमत नाही. मी फोन हातात धरून बसलो होतो. नानांनी मला नंबर लावायला लावला, फोन घेऊन स्वतःच्या तोंडाजवळ धरला आणि ओठ आवळून सुरू झाले, "सूंऽऽऽ... सूंऽऽऽ..."

पलीकडे भाकरी थापायचा आवाज थांबला. सुनंदा बराच वेळ ऐकत राहिली.

"मधे मधे थांबतंय."

"व्होल्टेज कमी आहे इथे," मी म्हणालो.

ती म्हणाली, "बरं. मशीनला म्हणावं, आज झोपू नका."

सकाळी मी उठलो, तेव्हा नाना खुर्चीत ताठ बसले होते, डोळे लाल, हातात छत्री, टोक माझ्याकडे. माझ्या बरगड्या मात्र चार दिवस दुखत होत्या.