पाइप कोणी द्यायचा

गॅरेजवाला जुना पार्ट कधी टाकत नाही. आमच्या शेडमागे तसे ढीग आहेत, आणि माझ्या डोक्यात किश्शांचे. त्यातले बरेचसे माझ्या सुनेचे. मी तिच्यावर जळते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कोणी टोकायला नको.

कुडाळच्या अलीकडे हायवेला लागून आमचं गॅरेज. हे गेल्यापासून मुलगा दिलीप चालवतो. पाइप आणि क्लिपांच्या रॅकसमोर एक स्टूल आहे, त्यावर मी. दिलीप गाडीखालून हाक मारायचा, "आये, पाइप दी गो." मी कापून द्यायचे. वाचता येत नाही, पण कुठल्या गाडीला कुठला पाइप, हे मला पाठ. मग दिलीपचं लग्न झालं. सून रूपा दोडामार्गची, माहेरी रबराची बाग. वर आयटीआय केलेली!

* * *

पहिला घाव घातला वैभववाडीच्या एका गाडीने. तिचा पंप पेट्रोलच्या टाकीत बुडालेला असतो. दिलीपने मागची सीट काढून तो वर घेतला. मी नेहमीचा जाड पाइप कापून दिला. रूपाने तो हातात घेऊन त्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचली.

"आये, ह्यो टाकीभायरचो. आतसून पेट्रोल चलता, भायरसून लागला तर फुगता."

टाकीत पाइप आतून-बाहेरून पेट्रोलमध्येच असतो, त्याला वेगळ्या जातीचा लागतो म्हणे. दिलीपने माझा पाइप बाजूला ठेवला, तिचा बसवला. दुसऱ्या दिवशी गाडीखालून हाक आली, "रूपा, पाइप दी गो."

त्या दिवशी बांगड्याचं तिखलं होतं. मी नुसत्या सोलकढीवर उठले.

* * *

मी काय ऐकून घेणारी? लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली, तिच्यात पेट्रोल घातलं. माझ्या पाइपाचा एक तुकडा, तिच्या पाइपाचा एक. झाकण घट्ट लावून शेडमागे ठेवली आणि रोज सकाळी बघायला जाऊ लागले.

तिचा तुकडा होता तसाच राहिला. माझा भिजवलेल्या वालासारखा फुगला. नख दाबलं तर रुतलं. मी तो काढला आणि माडाच्या आळ्यात पुरला.

संध्याकाळी रूपा बरणी घेऊन आली. "आये, दुसरो तुकडो खंय गेलो?"

"दुसरो होतोच खंय?" मी म्हटलं.

* * *

क्लिपांच्या बाबतीत मात्र मी तिला पुरून उरले. पाइप आवळायला गोल पट्टीची क्लिप लागते. तिच्या काठाला धार असली तर ती रबर कापते. म्हणून मी प्रत्येक क्लिप पदरावरून ओढते. धागा अडकला की ती क्लिप टाकीत जाणार नाही.

एकदा रूपाने खाचांच्या पट्टीची, स्क्रूने आवळायची क्लिप काढली. मी पदर पुढे केला. चांगला वीतभर धागा निघाला. पातळ खराब झालं, पण जीव सुखावला. म्हटलं, "ह्या खंय लिवलेला नाय." मग गुळगुळीत काठाची दिली. आठवडाभर मी ताठ मानेने फिरत होते.

पुढच्या आठवड्यात बघते तर रूपा ओढणीवरून क्लिप ओढतेय! गिऱ्हाईक कौतुकाने म्हणतंय, "वहिनी, काय आयडिया काढलीत."

* * *

इन्सुलीचा एक टॅक्सीवाला रोज गोव्याला जातो. पूर्वी आजी, आजी करत माझ्या बाजूला बसायचा. आता गाडीतून उतरायच्या आत विचारतो, "मॅडम खंय आसत?"

म्हटलं, "मीच मॅडम. बोल."

तो हसला. रूपा बाजारात गेली होती, म्हणून तिच्यासाठी आणलेला दोदोलचा डबा माझ्याकडे देऊन गेला. दोदोल भलताच गोड होता, मला काही फारसा आवडला नाही. दोन वड्या ठेवल्या तिला.

* * *

सगळ्यात जास्त कधी जळले, तेही सांगते. रूपा यायच्या आधी एका मास्तरांच्या गाडीला टाकीतला पाइप मी दिला होता. ती गाडी आता घाटात बंद पडली. पंप फिरतोय, पण पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही. टोचन करून आणली. टाकी उघडली तर माझा पाइप उभा चिरलेला. मास्तर तापले. हा पाइप दिला कोणी, म्हणून विचारू लागले. मी स्टुलावर मान खाली घालून बसले.

रूपा पुढे झाली. "आमची चूक झाली, मास्तर. आत्ता दुसरा बसवून देतो."

मास्तर निवले. ती 'आमची' म्हणाली. 'आईंची' म्हणाली असती तर मी कडाकडा भांडले असते आणि मला बरं वाटलं असतं. असं बोलणं मला सुचलं नसतं, तेच पोटात दुखलं.

* * *

त्यानंतर जेवताना दिलीपने सांगितलं, "आये, सोमवारपासून तू घरी बस. स्टुलार रूपा बसतली." रूपा भात वाढत राहिली.

सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, मालवणची एक गाडी आली. पंप टाकीतलाच. दिलीप मागच्या सीटच्या जागी डोकं घालून बसलेला. तिथूनच ओरडला, "पाइप दी गो."

नाव घेतलं नाही.

मी स्टुलावरून उठले, रूपा पलीकडून आली. रॅकवर दोन रोल होते, दोन्ही काळे, दोन्ही सारख्याच जाडीचे. माझा हात एकावर पडला. तिचाही त्याच्यावरच. मी सोडला नाही, तिनेही सोडला नाही. गाडीवाले आमच्याकडे बघत उभे.

"वाच," मी म्हटलं.

तिने वाकून वाचलं. "टाकीतलोच आसा."

"मगे सोड."

तिने सोडला. मी वीतभर पाइप कापला, क्लिपा पदरावरून ओढून बघितल्या, आणि दिलीपच्या हातात नेऊन दिलं सगळं. त्याने मान वर न करता विचारलं, "बरोबर आसा मा? कोणी दिल्यान?"

मी तोंड उघडायच्या आत रूपा म्हणाली, "आयेन."

तेसुद्धा तिनेच सांगायचं!